नजीरभाईंची पुढची सीट

परवा इथे माजलगावातच एका शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. पाहुणी म्हणून बोलावलं होतं. पोचायला उशीर झाला आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या भरून गेल्या होत्या. एका कार्यकर्त्याने इकडेतिकडे पाहिलं, कडेला बसलेल्या एका म्हातारबाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बाबा, जरा मागं सरका, मॅडमला बसू द्या. बाबा लगेच उठले. इतक्या लगेच, की त्यांना या गोष्टीची सवयच असावी. मी म्हटलं, मी बसते की मागे. कार्यकर्ता म्हणाला, असं कसं मॅडम. बाबाही म्हणाले, असं कसं मॅडम. शेवटी मी हट्टाने मागे जाऊन बसले, बाबा काही परत पुढे आले नाहीत आणि ती खुर्ची कार्यक्रमभर रिकामीच राहिली. मी काय भाषण केलं ते आठवत नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला सारखे नजीरभाई आठवत होते.

नजीरभाई केज ते नांदूरघाट जीप चालवायचे. मी नांदूरघाटला शाळेत शिकवायचे आणि राहायला केजला होते. एसटी होती, पण एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांचं कधी जमलंच नाही. त्यामुळे माझ्या नोकरीतली बरीच वर्षं नजीरभाईंच्या गाडीत गेली. काटकुळा माणूस, मेंदीने तांबडे केलेले केस, कॉलरच्या आत घडी घातलेला रुमाल, तोंडात सदा बडीशेप. गाडीत कधी गाणी लावायचे नाहीत. गाडी म्हातारी होती, पण रोज सकाळी पुसून लख्ख. पुढचं दार मात्र दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, आणि ते दुसऱ्या कुणी आपटलेलं त्यांना चालत नसे. स्वभाव म्हणाल तर तिरसट. कुणी पिशव्या चढवायला वेळ लावला की तोंडाचा पट्टा सुरू. कौतुक करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. माझी शाळा तालुक्यात पहिली आली तेव्हा पेढा खाल्ला आणि म्हणाले, साखर जास्त झालीय.

या माणसाचा एकच नियम होता. पुढची सीट, म्हणजे ड्रायव्हरशेजारची, ज्याचा पाय गाडीत आधी पडला त्याची. नंतर कुणीही येवो, त्याला उठवायचं नाही. दुसरे ड्रायव्हर पुढे तीन-तीन माणसं कोंबायचे, हे मात्र एकच बसवायचे. मी एकदा विचारलं, दोन बसले तर काय बिघडतं? तर म्हणाले, "दोन बसिवले की त्यात बी एक खिडकीचा व्हतो, मॅडम."

आमच्याकडे जीपची पुढची सीट ही साधी गोष्ट नाही. पुढे कोण बसलंय यावरून गाडीत मोठं कोण ते ठरतं. सरपंच आला, साहेब आला, नाहीतर नुसता कडक इस्त्रीचा माणूस आला तरी पुढे बसलेला आपसूक उठून मागे जातो. कुणी सांगावंही लागत नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात दादाराव आले. सोसायटीचे माजी चेअरमन, पांढरे कपडे, डोक्यावर खळ दिलेली टोपी. त्यांचं घर केजला होतं, शेत नांदूरघाटच्या अलीकडे. एरवी मुलाच्या मोटरसायकलवर जायचे, त्या दिवशी मोटरसायकल बिघडली होती. पुढे किसनबा बसले होते. किसनबा केजच्या दलित वस्तीतले, नगरपंचायतीतून रिटायर झालेले. नांदूरघाटला त्यांच्या लेकीचं शिलाईचं दुकान होतं, तिथे दिवसभर सोबतीला जाऊन बसायचे. दादारावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजीरभाईंना म्हणाले, ह्याला मागं घे.

"मी कुनाला उठवत न्हाई, दादा," नजीरभाई म्हणाले. "ज्याचा पाय आधी पडला त्याची सीट."

किसनबांचा एक पाय तोवर बाहेर आलाही होता. माझं काय, मी जातो की मागं, असं ते पुटपुटत होते. नजीरभाई त्यांच्यावरच खेकसले. म्हणाले, गप बसा, उठलात तर गाडीतूनच उतरवीन. मग त्यांनी किल्ली काढून घेतली आणि समोरच्या फळाच्या गाड्याजवळ जाऊन बडीशेप चघळत उभे राहिले. गाडीतली सगळी माणसं कुरकुरायला लागली. मीही कुरकुरले, कारण शाळेची घंटा होत आली होती. पण दादारावांच्या शेतावर माणसं खोळंबली होती आणि पुढची जीप भरायला वेळ होता. शेवटी ते मागे येऊन बसले, कांद्याच्या पोत्याला खेटून. किसनबा वाटभर पुढे अंग चोरून बसले होते. त्यांना त्या दिवशी पुढच्या सीटचं सुख लाभलं असेल असं मला वाटत नाही.

हा नियम आला कुठून, हे मी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, लहान असताना त्यांच्या आईला एसटीत कुणी तरी उठवलं होतं आणि ते कडेवर होते. कडेवरचं कसं आठवतं म्हटलं, तर रागावले. एकदा म्हणाले, रोजच्या भांडणाचा वैताग आला, बाकी काही नाही. आणि एकदा जरा खुशीत असताना खरं वाटावं असं बोलले. म्हणाले, मशिदीत नमाजाला जो आधी येतो तो पुढच्या रांगेत उभा राहतो. मागून कितीही मोठा आला तरी त्याला मागंच उभं राहावं लागतं. "तितं चालतं, मंग माझ्या गाडीत कावून चालू नये?"

मी म्हटलं, आणि त्या पुढच्या रांगेत बाया कुठं असतात, नजीरभाई? त्यांनी गिअर बदलला.

मी हे चिडून विचारलं होतं आणि त्याला कारण होतं. पुढची सीट आधी येणाऱ्याची, पण आधी येणारी बाई असेल तर नाही. बायकांनी मधल्या सीटवर बसायचं. मी कितीदा तरी सगळ्यांच्या आधी येऊन गाडीपाशी उभी राहिले. ते मधलं दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, बसा मॅडम. मी भांडले, टोमणे मारले, एकदा रुसून एसटीने गेले आणि शाळेत उशिरा पोचून बोलणी खाल्ली. त्यांचं उत्तर ठरलेलं. गिअर टाकताना हात लागतो, लोक बोलतात, तुमचं नाव खराब व्हईल. एका ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोकडे, शहनाजभाभींकडे तक्रार केली. त्या हसून म्हणाल्या, लगीन झालं तेव्हाची ही गाडी हाय, मला बी कदी पुढं न्हाई बसिवलं. नजीरभाई पलीकडे बसून ऐकत होते. उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी गाडीत मला म्हणाले, "तुमचं खरं हाय, मॅडम. पर मला जमंना." एवढं कबूल करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तरी मला त्यांचा राग यायचा तो यायचाच. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यातही तेच आहे, हे मला कळत होतं, पण त्याने माझा राग कमी होत नव्हता.

दादारावांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आम्हाला वाटलं, हा माणूस आता या गाडीचं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर आले तर दादाराव पुढच्या सीटवर. सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मोटरसायकल दुरुस्त झाली होती, तरी आले होते. नजीरभाईंना म्हणाले, आज आपला पाय पहिला. नजीरभाई म्हणाले, हौ, आज तुमचा. आणि तेव्हापासून दादारावांना त्याचं वेडच लागलं. चेअरमनकी, पाहुणेरावळे, लग्नाकार्यातला मान हे सगळं त्यांना बसल्या जागी मिळत होतं. ही एकच जागा अशी होती की ती लवकर उठून मिळवावी लागायची. ती मिळाली की स्वारी दिवसभर खूश. किसनबांनाही मग चेव आला. दोघांची शर्यतच लागली. कधी किसनबा आधी येऊन बसलेले असायचे आणि दादाराव मागे चढताना म्हणायचे, किसन, तू रातच्याला झोपतोस का न्हाई? किसनबा पुढून मान न वळवता म्हणायचे, झोप कसली दादा, सीट जाती की. अख्खी गाडी हसायची. नजीरभाई हसायचे नाहीत, पण बडीशेपेची पुडी मागे फिरायची. आता किसनबा पुढे बसले की पाय ताणून, खिडकीवर कोपर ठेवून बसायचे. दादारावांच्या शेतातल्या गवारीची पिशवी त्या वर्षांत किसनबांच्या लेकीकडे जायला लागली. कुणी कुणाला समजावलं नव्हतं, भाषण केलं नव्हतं. मी शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवायचे तेव्हा मला तो धडा जरा फिका वाटायचा.

मग ते दिवस आले. आमच्या जिल्ह्यात ते कसे आले हे सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे. दोन समाज, दोघांच्या मागण्या, निवडणूक, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ. बघता बघता माणसं दुकानाची पाटी वाचून साखर घ्यायला लागली. चहाच्या हॉटेलात आडनाव बघून शिरायला लागली. शाळेत मुलं डबे वेगवेगळे घेऊन बसायला लागली, आणि मी ओरडले की एकत्र बसायची, मी वळले की पुन्हा सरकायची. जीपच्या काचांवर रंगीत स्टिकर आले. केजच्या स्टँडवर पिंपळाखाली एका समाजाच्या गाड्या आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे दुसऱ्या, म्हणजे दादारावांच्या समाजाच्या. ज्याने त्याने आपल्या गाडीत बसायचं. मधे, फळाच्या गाड्याजवळ, नजीरभाईंची बिनस्टिकरची जीप.

सुरुवातीला त्यांना वाटलं, आपण दोन्हीकडचे नाही, तर आपल्याकडे दोन्हीकडचे येतील. आलेही थोडे दिवस. पण मग लोक चढायच्या आधी आत डोकावून पाहायला लागले. ते बसलेत का, मग आम्ही पुढच्या खेपेला येतो. पिंपळाखालचे दोघे-तिघे येऊन म्हणाले, सकाळची खेप नुसती आमच्यासाठी सोडा, गाडी भरायची जबाबदारी आमची. थोड्या दिवसांनी झेरॉक्सकडचे हेच सांगायला आले. नजीरभाईंनी दोघांनाही सारख्याच शिव्या दिल्या. गाडी अर्धी रिकामी जायला लागली. भरल्याशिवाय न सुटणारी ती गाडी. तरी दादाराव येत होते. त्यांच्या मुलाला ते आवडत नव्हतं, त्यांच्या समाजाची पोरं घरी येऊन सांगून गेली होती. दादाराव म्हणायचे, मी सीटसाठी येतो, मला बाकीचं कळत न्हाई.

तो शनिवार होता. सकाळची शाळा, दुपारची परतीची खेप. दादाराव पुढे होते. मागे मी, किसनबा आणि बाजाराला निघालेल्या काही बाया. निम्म्या वाटेवर नजीरभाईंना एका ड्रायव्हरचा फोन आला. पुढच्या फाट्यावर रस्ता अडवलाय, पोरं गाड्यांत बघतायत, नावं विचारतायत. तो फाटा पिंपळाखालच्या समाजाच्या गावाचा. आदल्या दिवशी तिथे दादारावांच्या समाजातल्या एकाला गाडीतून ओढून मारलं होतं. नजीरभाईंनी फाट्याच्या अलीकडे लिंबाखाली गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग खाली न बघता, वर न बघता म्हणाले, "दादा, मागं बसा."

दादारावांना वाटलं चेष्टा. म्हणाले, कावून?

"बसा म्हनतो ना."

दादाराव त्यांच्याकडे बघत राहिले. आणि अगदी हळू, भांडायच्या सुरात नाही, एखादी गोष्ट आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "नजीर, माझा पाय पहिला पडलाय."

"पडलाय दादा," नजीरभाई म्हणाले. "पर आज उठा."

दादाराव उतरले. किसनबांनी सरकून जागा केली. त्यांच्या आणि माझ्या मधे दादाराव बसले. नजीरभाई मागे आले आणि म्हणाले, टोपी काढा, लांबून वळखू येती. दादारावांनी टोपी काढली. कुठे ठेवावी त्यांना कळेना, म्हणून मी ती माझ्या पिशवीत, मुलांच्या पेपरांखाली ठेवली. इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एका बाईने त्यांच्या अंगावर शाल टाकली. त्या उन्हात. मी दादारावांकडे बघू शकत नव्हते.

फाट्यावर पोरांनी गाडी थांबवली. एकाने आत डोकं घातलं. तो माझा विद्यार्थी होता, शाळा सोडून थोडीच वर्षं झाली असतील. मला पाहून त्याने हात जोडले. मग त्याची नजर दादारावांवर गेली. नजीरभाईंचा हात किल्लीवर होता. तो पोरगा दादारावांना ओळखत होता, लहानपणी त्यांच्या शेतात बोरं वेचायला जायचा. त्याने साधेपणाने विचारलं, "दादा, तुमी आज मागं कावून?"

दादारावांनी शाल आणखी ओढून घेतली. पोरगा बाजूला झाला, बाकीच्यांना म्हणाला, जाऊ द्या, वळखीचे हायत. आम्ही निघालो. दादाराव पुढे असते तरी त्या पोराने असंच सोडलं असतं का? शेजारचा दुसरा पोरगा आधी आला असता तर? याचं उत्तर मला आजही माहीत नाही, नजीरभाईंनाही नव्हतं. केजला दादाराव उतरले आणि बोडक्याने चालत गेले. टोपी मागायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नजीरभाई त्यांच्या घरी गेले. सोमवारी मला म्हणाले, चहा पाजला, तू बरोबर केलंस म्हणाले, माझ्या पोरांची चौकशी केली. मग म्हणाले, "शिवी दिली असती ना मॅडम, तर बरं झालं असतं." मी टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घरी नेऊन शहनाजभाभींकडून धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या सीटवर ठेवली. दादाराव आले की देईन म्हणाले. तुम्ही जाऊन द्या की, मी म्हटलं. "न्हाई. ती हितंच द्यायची." त्या दिवसापासून पुढच्या सीटवर त्यांनी कुणालाच बसवलं नाही. किसनबा एकदा आधी आले, त्यांनाही नाही. किसनबा वाईट वाटून म्हणाले, माझा काय गुन्हा? थोड्या दिवसांनी किसनबाही यायचे बंद झाले.

मग माझी माजलगावला बदली झाली. नांदूरघाटच्या शाळेतला शेवटचा दिवस होता. सकाळी मी स्टँडवर आले. नजीरभाई काच पुसत होते, गाडीत कुणी नव्हतं. समोर झेरॉक्सच्या दुकानापुढे स्टिकरवाली जीप भरत होती. तिच्या पुढच्या सीटवर किसनबा होते; ते दोन्हीकडचे नव्हते, मिळेल त्या गाडीने जायचे. इतक्यात दादाराव आले. नवी टोपी, गळ्यात रंगीत उपरणं, मागे त्यांच्या समाजाची तीन-चार पोरं. दादाराव जीपपाशी पोचायच्या आधीच किसनबा उतरले. कुणी काही म्हणालं नव्हतं. दादारावांनी त्यांचा दंड धरला, बस किसन बस, असं काहीतरी ते म्हणत होते, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. पण किसनबा मान हलवत मागे निघूनही गेले आणि पोरांनी दार धरून दादारावांना वर चढवलं. दादाराव बसले. काचेतून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग सरळ समोर पाहिलं. ती गाडी निघून गेली.

नजीरभाई फडकं हातात घेऊन तसेच उभे होते. मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं शाळेत बोलतात तसलं होतं. मी सवयीने मधल्या दाराकडे वळले. तेव्हा त्यांनी पुढचं दार उघडलं. सीटवरची पिशवी उचलली, क्षणभर हातात धरली आणि म्हणाले, "बसा, मॅडम. पाय तुमचाच पहिला हाय."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ती जागा मला मिळाली, आणि मागे सगळी गाडी रिकामी. मी बसले. ती टोपी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, दार दोनदा आपटून लावलं, पलीकडून येऊन बसले आणि आणखी कुणाची वाट न बघता गाडी सुरू केली.